प्लगइन बंद पडला, बाबांचे अभंग कसे उघडू?

प्रश्न: दादा, २०११ साली मी घरीच बाबांच्या आवाजात सहा अभंग रेकॉर्ड केले होते. तबला, टाळ लाइव्ह, बासरी आणि स्ट्रिंग्ज एका ३२-बिट प्लगइनमधून, म्हणजे रेकॉर्डिंग प्रोग्रॅमला जोडून वाद्यांचे आवाज काढणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमधून. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आषाढीपर्यंत हे अभंग नीट मिक्स करून घरच्यांना द्यावेत म्हणून नवीन विंडोज लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडला तर प्लगइन मिसिंग, बासरीचे ट्रॅक मुके. कंपनीने तो प्लगइन कधीच बंद केलाय. जुना पीसी माळ्यावर आहे, चालू होईल की नाही माहीत नाही. काय करू?
— एक वाचक, मिरज

उत्तर: सगळ्यात आधी, तो प्रोजेक्ट नवीन लॅपटॉपवर उघडून सेव्ह करू नका. प्लगइन नसताना सेव्ह झालं की त्याची सेटिंग्ज पुसली जाऊ शकतात, म्हणून अख्ख्या फोल्डरची कॉपी करा आणि जे काय करायचं ते कॉपीवर. आता धीर देणारी गोष्ट, बाबांचा आवाज प्लगइनमध्ये नाहीये, तो प्रोजेक्टच्या ऑडिओ फोल्डरमध्ये वेव्ह फाइल म्हणून पडलाय, तबला-टाळही तिथेच. फोल्डर उघडून आजच ऐका. बासरीचे सूरसुद्धा मिडीमध्ये, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा याच्या नोंदीत, शाबूत आहेत, गेलाय तो फक्त तिचा नाद.

हे असं होतं कारण जुन्या घडणीचा ३२-बिट प्लगइन आजच्या ६४-बिट प्रोग्रॅमच्या आत थेट बसत नाही. रेकॉर्डिंग प्रोग्रॅमांपैकी क्यूबेस ९ ने २०१६ मध्ये ३२-बिट सोडलं, एबलटन लाइव्ह १० ने २०१८ मध्ये, आणि अ‍ॅपलने तर २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून अख्ख्या मॅकवरूनच काढून टाकलं. कधी कंपनीच विकली जाते, २०१५ मध्ये अ‍ॅपलने कॅमल ऑडिओ ही प्लगइनची कंपनी घेतली, त्यांचा अल्केमी सिंथ लॉजिक या विंडोजवर न चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गेला आणि विंडोजवाले तसेच राहिले. तुमच्या मिरजेत पन्नास वर्षांचा तंबोरा नेला तरी जवारी काढून, तारा बदलून परत बोलता होतो, प्लगइनचं तसं नाही हो, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

तर माळ्यावरचा पीसी हीच तुमची खरी आशा आहे. लगेच बटण दाबू नका. आधी हार्डडिस्क काढून तिची पूर्ण क्लोन, म्हणजे हुबेहूब, कॉपी करून घ्या, जमत नसेल तर ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडून करून घ्या. धूळ साफ करा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, कारण सेल संपला की तारीख मागे जाते आणि मग काही प्लगइनचं लायसन्स अडतं. इंटरनेट अजिबात जोडू नका, अपडेट होऊन काय बिघडेल सांगता येत नाही.

चालू झाला की मिक्सिंगच्या नादाला लागू नका, फक्त बाउन्स करा, म्हणजे ट्रॅकची वेव्ह फाइल बनवा. प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे पहिल्या मात्रेपासून, मध्ये कितीही शांतता असली तरी, म्हणजे नवीन प्रोग्रॅममध्ये ठेवले की आपोआप जुळतात. बासरी रिव्हर्बसकट (घुमाऱ्यासकट) एकदा आणि कोरडी एकदा. २४-बिट, ४८ किलोहर्ट्झला स्टिरिओ ट्रॅक मिनिटाला साधारण १७ एमबी होतो, म्हणजे पाच मिनिटांचा अभंग आणि वीस ट्रॅक धरले तरी पावणेदोन जीबी, सहाही अभंग एका साध्या पेनड्राइव्हवर बसतील. मिडी टेम्पोसकट एक्सपोर्ट करा, अभंगात शेवटी लय वाढवली असेल तर हे विसरू नका. प्लगइनच्या खिडकीचे मोबाइलने फोटो काढून ठेवा.

पीसी मेलाच असेल तर त्या डिस्कवरची प्लगइनची डीएलएल फाइल (म्हणजे प्लगइन स्वतः) आणि त्याच्या आवाजांचं फोल्डर शोधा. विंडोजवर जेब्रिज नावाचं छोटं सॉफ्टवेअर ३२-बिट प्लगइन ६४-बिट प्रोग्रॅममध्ये चालवून देतं, अट एवढीच की तुमचा प्रोग्रॅम अजून व्हीएसटी २ हा जुना प्लगइन-प्रकार घेत असला पाहिजे. रीपर या रेकॉर्डिंग प्रोग्रॅममध्ये ही सोय आधीपासूनच आहे आणि ते ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, पण तिथे तुमचा प्रोजेक्ट उघडणार नाही, मिडी नेऊन आवाज हाताने जुळवावा लागेल. लायसन्स अडलं तर कंपनीला मेल टाका, जुना इन्स्टॉलर काही जण अजून देतात.

आणि काहीच जमलं नाही तर, मिरजेत बासरी वाजवणारा मिळणार नाही असं होणारच नाही. मिडीतले सूर त्याला ऐकवा, बाबांच्या आवाजावर वाजवू द्या, माझ्या मते ते प्लगइनपेक्षा छानच होईल. वेव्ह झाल्या की दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा मामांकडे.