टाळ्या झाल्या, रजेचं काय?

प्रश्न : माझी पत्नी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. 2020-21मध्ये ती कोविड वॉर्डात होती. आता सगळं सुरळीत आहे, तरी रात्री फोन वाजला की दचकते, नाईट लागली की आदल्या दिवसापासून अन्न जात नाही. हल्ली राजीनाम्याची भाषा करते. पेन्शनची नोकरी सोडू नको म्हटलं, की बोलणंच टाकते. तिला कसं समजावू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, समजावणं जरा बाजूला ठेवा. मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले, नोकरीची शेवटची वर्षं कोविडमध्येच गेली. पीपीई किट चढवला की सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. पाळी आली असली तरी तेच. ओळख पटावी म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचो. नातेवाइकांना आत मज्जाव. मग पिशवीत गुंडाळलेला मोबाइल पेशंटच्या तोंडासमोर धरायचा. पलीकडून पोरं ‘बाबा, बोला ना’ म्हणायची, बाबांना मास्कमधून धाप लागलेली. शेवटी सिस्टरच उत्तर द्यायची. असे किती फोन तिने धरले, हे कधी विचारलंत?

22 मार्च 2020 ला थाळ्या वाजल्या, 3 मेला हेलिकॉप्टरमधून फुलं पडली. त्याच दिवसांत घरमालक सिस्टरांना खोल्या रिकाम्या करायला लावत होते. डॉक्टर-सिस्टरांना होणाऱ्या मारहाणीमुळे एप्रिलमध्ये केंद्राला साथरोग कायद्यात दुरुस्तीचा अध्यादेश काढावा लागला. मला तर ‘योद्धा’ म्हणवून घेण्याचा रागच आहे. योद्ध्याने रजा मागायची नसते ना!

आणि ‘सगळं सुरळीत’ कुठे? नाईटला ती एकटी किती खाटा सांभाळते, ते विचारा. कामाच्या न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या थकव्याला जागतिक आरोग्य संघटना आजार म्हणत नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणते. ते योग्यच आहे. ड्युटी तशीच ठेवून बाईला नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. मात्र दचकणं, अन्न न जाणं हे थकव्याच्या पुढचं दिसतं. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच.

राजीनामा तूर्त नको, रजेचा अर्ज द्यायला सांगा. अर्जित रजा बहुधा साठलेली असेल. परतताना ओपीडी किंवा लसीकरणात ड्युटी मागावी. डॉक्टरांचं पत्र जोडलं तर इन्चार्जना नाही म्हणणं जड जातं. स्वतःच्याच रुग्णालयात केसपेपर काढायचा आम्हा सिस्टरांना फार संकोच. तिचंही तसं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करू दे. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.