जेवल्या तरी म्हणतात, सकाळपासून उपाशी आहे

प्रश्न: सासूबाई ७९ वर्षांच्या, दोन वर्षांपूर्वी अल्झायमर निघाला. जेवून हात धुतले की दहा मिनिटांत शेजारणीला सांगतात सकाळपासून पोटात काही नाही, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. दिवस कलला की दाराशी उभ्या, "पोरं शाळेतून यायची झाली, घरी जाऊ द्या". पोरं म्हणजे आमचे मिस्टर, वय ५४! सासऱ्यांना जाऊन ११ वर्षं झाली, ते कधी येणार विचारतात, खरं सांगितलं की रडतात, दर वेळी नव्याने. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, आधी जेवणाचं, कारण तेच तुम्हाला जास्त लागलंय. त्या खोटं बोलत नाहीयेत. नवीन आठवण पक्की करणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग या आजारात सुरुवातीलाच खराब होतो, त्यामुळे दहा मिनिटांपूर्वीचं जेवण त्यांच्यापुरतं झालेलंच नसतं. जुन्या आठवणी बऱ्याच टिकतात, मग मन तिथेच जाऊन बसतं, त्यांच्या हिशेबाने आत्ता १९८० साल चाललंय आणि पोरगा दुसरी-तिसरीत आहे. तारीख-वार बहुतेकांचं आधी जातं, जागा नंतर, माणसं त्याहून नंतर, म्हणून तर डॉक्टर पहिल्यांदा वार विचारतात. शेजारणीला एकदा सरळ सांगून टाका. आणि थोडं कमी वाढा, मागितलं की उरलेलं द्या, "आत्ताच तर जेवलात" म्हणून वाद घालू नका, त्यात तुम्ही जिंकणार नाही.

संध्याकाळच्या घालमेलीला सनडाउनिंग म्हणतात. मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळपण बिघडलेलं असतं, त्यात दिवसभराचा थकवा, अंधारून येणं, सावल्या. सकाळी उन्हात बसवा, दुपारची झोप छोटी ठेवा, अंधार पडायच्या आधीच दिवे लावा आणि नेमकं तेव्हाच मेथी निवडायला द्या, हाताला काम लागलं की दार विसरलं जातं (रोज नाही, पण बऱ्याचदा).

सासऱ्यांचं म्हणाल तर रोज नवं सुतक कशाला? "बाबांची आठवण येतेय का? चहा कसा लागायचा हो त्यांना?" असं विचारा, बोलत्या होतील. मलाही आधी ही फसवणूकच वाटायची, आता नाही वाटत. त्यांनी सरळच विचारलं "गेले का ते?" तर मात्र जवळ बसून हो म्हणा.

एक लक्षात ठेवा, हे सगळं एक-दोन दिवसांत अचानक वाढलं तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, नवीन गोळी, काहीही असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.