प्रेमापोटी दिलेली माणसं

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मुलगी-जावई व्हर्जिनियात असतात, उन्हाळ्यात तिकडे गेलो होतो तेव्हा एका कोर्टाच्या जुन्या रेकॉर्डमधला 1740 च्या आसपासचा कागद बघायला मिळाला. तंबाखूच्या मळ्याचा मालक आपल्या मुलीला 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी आणि पाच शिलिंग घेऊन' एक गुलाम पोरगी देतोय, आणि तिला पुढे होणारी मुलंसुद्धा! आम्ही कांदिवलीचा फ्लॅट मुलाच्या नावे केला त्या बक्षीसपत्रात जवळपास हेच शब्द होते. अंगावर काटा आला. हे कसं काय? आणि मृत्युपत्र सोडून जिवंतपणीच का द्यायचे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : काका, शब्द सारखे कारण मूळ एकच, इंग्रजांचा कायदा. तिकडे वसाहतवाले तो सोबत घेऊन गेले, आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातून रुजला. रक्ताच्या नात्यातलं प्रेम हे देण्याचं पुरेसं कारण धरलं जायचं आणि पाच शिलिंग म्हणजे निव्वळ उपचार, उद्या कोणी फुकटचा कागद म्हणून उडवून लावू नये म्हणून घातलेले.

जिवंतपणी का, तर व्हर्जिनियात तेव्हा बाप मृत्युपत्र न करता गेला की जमीन थोरल्या मुलाची, धाकटे आणि मुली बघत बसणार, ही पद्धत मोडणारा कायदा 1785 साली झाला. म्हणून हातपाय चालतायत तोवर, बहुतेक लग्न ठरलं की, बाप वाटा काढून द्यायचा. जमीन देताना मातीचं ढेकूळ आणि झाडाची डहाळी साक्षीदारांसमोर खरंच हातात ठेवायची रीत होती, मग कागद काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कोर्टात शाबीत करून वहीत उतरवायचा. बायकोचा नवऱ्याच्या जमिनीत हयातीपुरता एक तृतीयांश हक्क असायचा, तो ती राजीखुशीने सोडतेय ना हे तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचे. मुलीचं मात्र अवघड, लग्न झालं की तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची, त्यामुळे सावध बाप थेट तिला न देता विश्वस्तांच्या नावे करायचे.

आता त्या पोरीबद्दल. 1662 च्या कायद्याने ठरवलं होतं की मूल आईच्या दर्जाचं, आई गुलाम तर मूलही गुलाम, म्हणून 'पुढे होणारी मुलं' आधीच कागदावर येतात, जी जन्मलीच नाहीत ती सुद्धा दिलेली. 1705 ला तर गुलामांना वारशासाठी जमिनीसारखी स्थावर मिळकतच ठरवलं. म्हणजे त्या बापाचं आपल्या लेकीवरचं प्रेम खरं असेलही, मी नाकारत नाही, पण ते पोचवायला दुसऱ्या कोणाची तरी लेक तिच्या आईपासून तोडून पाठवली जायची आणि कायद्याला त्यात काहीच वावगं दिसत नव्हतं, हे मला वाचवत नाही. आणि भानगडी झाल्या कशावरून तर कर्ज दिलेल्या सावकारांना चुकवायला गुलाम तोंडी बक्षीस दिल्याचं दाखवायचे यावरून! म्हणून 1758 मध्ये गुलामांचं बक्षीस लेखी आणि नोंदवलेलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. काळजी सावकाराची, माणसाची नाही.

एक उदाहरण बघा. मार्था वॉशिंग्टनचा पहिला नवरा डॅनियल कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता गेला, तिला एक तृतीयांश गुलाम फक्त हयातीपुरते मिळाले. 1759 ला तिने पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केलं. वॉशिंग्टनने 1799 च्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीचे गुलाम मुक्त करायचं लिहिलं, पण कस्टिस इस्टेटीतल्या 153 जणांना तो हात लावू शकत नव्हता, ते कस्टिस वारसांचे. मधल्या चाळीस वर्षांत दोन्हीकडच्या माणसांची आपसात लग्नं झाली होती. 1802 मध्ये मार्था गेली आणि हे लोक तिच्या चार नातवंडांत वाटले गेले, नवरा मोकळा आणि बायको-पोरं भलत्याच मळ्यावर अशी घरं फुटली.

प्रश्न : बक्षीस दिलेलं घर परत घेता येतं का? मुलगा बघत नाही. (एक आजी, दहिसर)

उत्तर : आजी, नोंदणी झाली आणि मुलाने स्वीकारलं की नुसतं मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. पण ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 आहे, सांभाळ करायच्या अटीवर दिलं असेल आणि मुलगा सांभाळत नसेल तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. तुमच्या कागदात ती अट लिहिलीय का ते आधी बघा, कागद घेऊन जवळच्या वकिलाकडे जा, आणि ज्यांना अजून द्यायचंय त्यांनी अट आणि स्वतःचा मरेपर्यंत राहायचा हक्क दोन्ही बक्षीसपत्रातच लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका.