फोटोवरून वर्षभर पोर्ट्रेट करतोय. चेहरा जुळतो, पण कातडीचा रंग खडूसारखा होतो. अनुभवी व्यक्तिचित्रकाराकडे शिकवणी लावू का?

लावा. पण पैसे भरण्याआधी त्यांच्या वर्गात जाऊन एक सीटिंग, म्हणजे मॉडेलला बसवून रंगवण्याची बैठक, पूर्ण बघा. समोर जिवंत माणूस बसवत नसतील, फोटोवर चौकटी आखून घेत असतील, तर फी वाचवा. तेवढं तुम्हाला येतंच.

रंग खडूसारखा का होतो? उजेडाची बाजू उजळ करायला तुम्ही नुसता पांढरा मिसळत असणार. टिटॅनियम व्हाइट थंड आणि जोरकस असतो. रंग उजळतो, पण त्यातला तांबूसपणा जातो. आधी यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि चिमूटभर व्हर्मिलियनने (शेंदरी लाल) उजेड चढवा. जवळजवळ शुद्ध पांढरा नाकाच्या शेंड्यावरच्या आणि कपाळावरच्या हायलाइटपुरता राखून ठेवा.

पण खरी चूक हाफटोनमध्ये असते. उजेड आणि सावली यांच्या मधला तो पट्टा सावळ्या गालावर किंचित हिरवट-करडा दिसतो. फोनच्या फोटोत तो सपाट तपकिरी होतो आणि हनुवटीखालची सावली काळी मिटते. प्रत्यक्षात तिथे सदऱ्यावरून परतलेला उजेड असतो. त्यात फोटो दोन फुटांवरून काढला असेल, तर नाक मोठं आणि कान बारीक झालेले असतात. म्हणजे मूळच चुकीचं आणि तुम्ही ते इमानदारीने उतरवताय! शिक्षक लागतो तो इथे. तो तुमच्या जागेवर उभा राहतो, डोळे किलकिले करतो, ‘गाल कपाळापेक्षा गडद आहे’ म्हणतो आणि ब्रशचा एक फटकारा देतो. मॉडेल, तो फटकारा आणि आपली चूक एकाच नजरेत दिसतात. व्हिडिओतून हे होत नाही, कारण तिथे तुमच्या कॅनव्हासकडे कोणी बघत नसतं.

सीटिंग बघताना हे तपासा. वीस-पंचवीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं विश्रांती. खुर्चीच्या पायांभोवती खडूच्या खुणा हव्यात; नाहीतर विश्रांतीनंतर डोकं दोन बोटं वळलेलं असतं आणि विद्यार्थी नाकाचा पाठलाग करत बसतो. उजेड एकाच बाजूने, वरून, साधारण 45 अंशात. पहिल्या तासात फक्त मोठे आकार आणि टोन, म्हणजे कुठे किती गडद, किती उजळ. पापण्यांपासून सुरुवात करणारा शिक्षक असेल, तर उठून या. रंग सुरुवातीला चारच पुरतात: पांढरा, यलो ऑकर, व्हर्मिलियन, आयव्हरी ब्लॅक. काळ्यात पांढरा घातला की निळसर करडा मिळतो, ऑकर घातला की हिरवट. तोच तुमचा हाफटोन. पहिल्याच महिन्यात चौदा ट्यूबांची यादी देणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आता तो जुना वाद. ‘सरांनी विद्यार्थ्याच्या कॅनव्हासला हात लावू नये, शैली मरते,’ असं मला वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. साफ चूक आहे. चित्रकार सा. ल. हळदणकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार म. वि. धुरंधरांच्या हाताखाली शिकले. दोघांची चित्रं शेजारी ठेवा, कोणी गोंधळणार नाही. टोन बरोबर बघणं ही शैली नाही, ती नजर आहे, आणि ती दुसऱ्याने दाखवूनच लवकर येते. शैलीची काळजी शंभर हेड स्टडी (चेहऱ्याची सरावचित्रं) झाल्यावर करा.

अर्थात दुरुस्ती म्हणजे दोन-चार फटकारे. अर्धं चित्र सरांनीच रंगवून दिलं, तर घरी नेण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. आणि तुम्हाला फक्त पेन्सिलीत, भेट देण्यापुरतं साम्य हवं असेल, तर यातलं बरंचसं लागू नाही. घरातल्या माणसाला खिडकीशी बसवून रोज अर्धा तास काढलंत तरी चालेल. तैलरंगाचा वर्ग असेल तर खोलीला समोरासमोर खिडक्या आहेत ना, हेही बघा. बंद खोलीत टर्पेंटाइनच्या वासाने तासाभरात डोकं धरतं.