वयांची बेरीज ८९

प्रश्न : माझे वय ४३ असून पती ४६ वर्षांचे आहेत. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. टेस्ट ट्यूब बेबीचे दोन प्रयत्न अयशस्वी झाल्यावर डॉक्टरांनी आता दात्या स्त्रीचे बीज वापरण्याचा सल्ला दिला आहे. सासूबाईंची इच्छा आधी त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी करावा अशी आहे. पती म्हणतात, उपचार पूर्ण होऊ देत, दत्तक नंतरही घेता येईल. मी मात्र थकले आहे आणि तसे बोलून दाखवण्याचीही चोरी वाटते. आम्ही काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘नंतरही घेता येईल’ हे शब्द वाचून मी थांबले, कारण वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. दत्तकासाठी केंद्र सरकारच्या ‘कारा’ या दत्तकविषयक प्राधिकरणाकडे ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि तेथे पती-पत्नीच्या वयांची बेरीज पाहिली जाते. ही बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचे, ९० पर्यंत असेल तर चार वर्षांपर्यंतचे आणि १०० पर्यंत असेल तर आठ वर्षांपर्यंतचे मूल मिळू शकते. तुमची बेरीज आज ८९ आहे. दर वर्षी ती दोनने वाढते आणि नोंदणीच्या दिवशीचे वय धरले जाते. याउलट टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्यानुसार स्त्रीला ५० आणि पुरुषाला ५५ वर्षांपर्यंत हे उपचार घेता येतात, तसेच दात्या स्त्रीचे वय २३ ते ३५ असावे लागत असल्याने आणि यश मुख्यतः तिच्या बीजाच्या वयावर अवलंबून असल्याने, तो मार्ग वर्षभराने एकदम बंद होणार नाही. मधुमेह, रक्तदाब यांची गरोदरपणातील जोखीम मात्र तुमच्या वयाबरोबर वाढत जाते, तिची तपासणी आधीच करून घ्यावी.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, नोंदणी आता करावी. नाशिकमध्ये घारपुरे घाटावरच्या आधाराश्रमात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन माहिती घेता येईल. मात्र कोणत्याही संस्थेत जाऊन परस्पर मूल निवडता येत नाही. समाजकार्यकर्त्या गृहभेटीला येतील तेव्हा उपचारांचा इतिहास लपवू नका. प्रतीक्षा मोठी असते, पण मुलाची माहिती आल्यावर होकार कळवण्यासाठी अवघे ४८ तास मिळतात, त्यामुळे नोंदणी ही केवळ राखीव सोय म्हणून करणे त्या मुलावर अन्यायाचे ठरेल. त्या प्रतीक्षेत दाता बीजाचा प्रयत्न करायचा असेल, तर तो एकच असेल हे आधी ठरवा, आणि त्या बाळाशी तुमचे स्वतःचे, म्हणजे आईचे, जनुकीय नाते नसेल हे तुम्हा दोघांनाही मनापासून मान्य आहे का, हे एकमेकांना विचारा.

नारायण नागबळीबद्दल सांगायचे तर, सासूबाईंच्या श्रद्धेचा मान राखून तो विधी अवश्य करावा. नोंदणी मात्र त्याच्या मुहूर्तासाठी खोळंबू देऊ नये.

राहिला तुमचा थकवा. दोन प्रयत्नांची इंजेक्शने तुमच्या शरीराने सोसली आहेत, तेव्हा तिसऱ्याला नाही म्हणण्याचा पहिला अधिकार तुमचाच आहे. डॉक्टरांची पुढची वेळ घेण्याआधी, सासूबाई समोर नसताना, हे पतींना सांगा; बोलणे जड जात असेल तर मला लिहिलेले हे पत्रच त्यांच्या हाती द्या.