गावात चारच ख्रिस्ती घरं आहेत, चर्च तालुक्याला. मोबाईलवर उपासना बघितली तर पुरे का, की जमायलाच हवं? जमायचं तर कसं?

पुरे नाही. आजारी माणूस, बाळंतीण, म्हातारं कोणी असेल तर मोबाईल ठीक. धडधाकट माणसांनी जमावं. एकत्र मिळणं सोडू नका असं इब्री 10:25 मध्ये सरळ लिहिलंय, आणि मत्तय 18:20 ला दोघं-तिघं पुरतात. तुमची तर चार घरं आहेत. महिन्यातून एकदा तालुक्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जा, बाकीचे आठवडे गावातच बसा.

खरी अडचण वेळेची असते. रविवारी सकाळी नऊ ही पगारदाराची वेळ आहे, मजुराची नाही. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी लागते ती संक्रांतीपुढेही चालते, आणि वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. रविवारी वावरात न गेलेल्या बाईचा रोज बुडतोच, शिवाय पुढच्या खेपेला मालक दुसरीला बोलावतो. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. मग चार रविवार न आलेल्या बाईला "विश्वासात थंड पडली" म्हणतात. आमच्याकडचे मंडळीतले वडील लोक अजून हेच म्हणतात आणि मला ते अजिबात मान्य नाही. करिंथच्या मंडळीत खाऊनपिऊन असलेले आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, त्यावर पौलाने लिहिलं की एकमेकांसाठी थांबा (1 करिंथ 11:33). म्हणून सगळ्यात उशिरा घरी पोचणाऱ्या बाईला विचारून वेळ ठरवा. वेचणीच्या दिवसांत बहुतेक गावी ही वेळ रात्री आठच्या आसपास येते. पेरणी, वेचणी आणि उन्हाळा अशा तीन वेळा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका. दर आठवड्याला वेळ बदलली की लोक तुटतात. बाजाराचा दिवस मात्र टाळा.

एका तासाच्या वर जाऊ नका, सकाळी पुन्हा वावर असतं. दोन गीतं, एक स्तोत्र, शुभवर्तमानातलं वाचन, दहा मिनिटं वचनावर बोलणं, मध्यस्थीची (दुसऱ्यांच्या गरजांसाठीची) प्रार्थना, शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचन घरातल्या सुनेला किंवा शाळेतल्या मुलीला द्या, पण आदल्या दिवशी सांगा म्हणजे ती एकदा वाचून येईल. मध्यस्थीच्या वेळी फक्त नाव आणि गरज सांगायची. "अमक्याच्या घरी असं असं झालं" सुरू झालं की घरातली भांडणं गावभर होतात, आणि ते कुटुंब पुन्हा येत नाही.

घरं आळीपाळीने घ्या आणि चहापलीकडे काही द्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. पहिलं घर चहा देतं, दुसरं पोहे, तिसरं जेवणच घालतं. चौथं घर गरीब असलं तर पाळी आली की पाहुण्यांचं निमित्त सांगून टाळतं. चार घरांतलं एक गेलं की प्रार्थना मोडायला वेळ लागत नाही.

गाण्याला पेटी नसली तरी चालतं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं अभंगाच्या अंगाने जातात, तेव्हा एकाने ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. वाचता न येणाराही गातो. पट्टी बायकांना विचारून धरा, नाहीतर पुरुष आपल्या गळ्याची धरतात आणि बायका गप्प बसतात. कातड्याची खंजिरी पावसाळ्यात सैल पडते, चुलीच्या धगीवर लांबून धरली की ताणते. स्पीकर लावूच नका. रात्री दहा ते सकाळी सहा त्याला बंदीच आहे, आणि चार घरांना तो लागतो कशाला?

दान दोघांनी तिथेच मोजायचं, वहीत तारीख-रक्कम लिहून दोघांनी सही करायची, एकूण रक्कम मोठ्याने सांगायची. कोणी किती दिलं ते नाही. पैसे एका घरी, वही दुसऱ्या घरी.

प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) आपलं आपण करू नका, त्यासाठी पाळकांना (पास्टरांना) बोलवा. रसाला शंभर ग्रॅम काळे मनुके रात्री अर्धा लिटर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून कुस्करा, गाळा. त्याच दिवशी वापरा, आपल्याकडच्या उन्हात तो लवकर आंबतो.

हे सगळं मी प्रोटेस्टंट मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. अकोल्याकडे अलायन्स, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, वाशीमला नाझरीन, नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), प्रत्येकाचे नियम थोडे वेगळे, म्हणून आपल्या पाळकांना विचारून घ्या. कॅथलिक असाल तर मिस्सा फादरच करतात आणि तिथे मनुक्याचं पाणी चालत नाही. रोझरी आणि वचनवाचन मात्र घरोघरी करता येतं.

आणखी एक. गाव मेळघाट किंवा गडचिरोलीच्या बाजूचं असेल तर ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेचा हट्ट धरू नका. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या मधे येतो आणि मोहफुलं त्याच दिवसांत पहाटे गळतात. ती सकाळी लवकर वेचली नाहीत तर ढोरं खातात, आणि त्या पैशावर घर चालतं. "पहाटच हवी, प्रभू पहाटे उठला" असं म्हणणाऱ्या वडिलांना योहान 20:19 दाखवा. शिष्य जमले होते आणि प्रभू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला, ती त्याच दिवशीची संध्याकाळ होती. तेव्हा संध्याकाळी सातची वेळ ठेवा आणि पाळकांना फेब्रुवारीतच कळवा, त्या दिवशी त्यांना बऱ्याच गावांना जायचं असतं.