वाचकांचे प्रश्न : पावसाच्या नोंदी आणि घंटाकृती वक्र

प्रश्न : वावरात शेततळे करायचे आहे. गावच्या पर्जन्यमापकाच्या 30 वर्षांच्या नोंदींतून दरवर्षीचा एका दिवसातला सर्वांत मोठा पाऊस निवडला. सरासरी 96 मिमी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप) 38 मिमी. घंटाकृती वक्राने (मध्ये उंच, दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा) 25 वर्षांतून एकदा पडणारा पाऊस 163 मिमी येतो. सांडवा यावर बेतू का?
– एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बेतू नका. गणित बरोबर आहे, वक्र चुकीचा निवडला आहे. अनेक लहान-लहान गोष्टींची बेरीज होते तिथे घंटाकृती वक्र शोभतो. तुमचा आकडा बेरजेतून आलेला नाही, वर्षभरातून वेचलेला सर्वांत मोठा आहे. अशा आकड्यांचे शेपूट उजवीकडे लांबते. त्यांच्यासाठी गंबेल वितरण वापरतात.

25 वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी 4 टक्के शक्यता. 0.96 चा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, चिन्ह बदला, आलेल्या संख्येचा पुन्हा लॉगरिदम घेऊन चिन्ह बदला : 3.199. नोंदी 30 वर्षांच्या असतील तर गंबेलच्या तक्त्यात 0.5362 आणि 1.1124 हे दोन आकडे मिळतात. 3.199 मधून पहिला वजा करा, दुसऱ्याने भागा : 2.394. याला 38 ने गुणून 96 मिळवा. उत्तर 187 मिमी. तुमच्या आकड्यापेक्षा 24 मिमी जास्त, म्हणजे हेक्टरमागे 240 घनमीटर पाऊस जास्त. तो सगळाच वाहून येणार नाही, पण भिजलेल्या काळ्या जमिनीवरून बराचसा येतो. 50 वर्षांसाठी फरक आणखी वाढतो : घंटाकृती वक्राने 174, गंबेलने 211.

वक्र बसतो की नाही हे कागदावर पाहा. 30 आकडे उतरत्या क्रमाने मांडा. क्रमांक भागिले 31 ही त्या आकड्याइतका किंवा त्याहून मोठा पाऊस पडण्याची शक्यता. ती 1 मधून वजा करून वरचीच लॉगरिदमची कृती करा. पहिल्या आकड्याचे आडवे स्थान 3.42, दुसऱ्याचे 2.71 येईल. उभ्या अक्षावर पाऊस मांडा. ठिपके साधारण सरळ रेषेत आले तर गंबेल चालेल.

वरचा एखादा ठिपका रेषेपासून फार उंच गेला तर आधी वही तपासा, वितरण नंतर बदला. सुट्टीच्या दिवशी माप घ्यायचे राहते आणि दुसऱ्या सकाळी दोन दिवसांचे पाणी एकाच तारखेवर चढते. उलटही घडते : माप सकाळी 8.30 ला घेतात, त्यामुळे रात्रीपासून दुपारपर्यंत कोसळलेला एकच पाऊस दोन तारखांत विभागला जातो. म्हणून ठरावीक वेळेच्या एका दिवसाच्या आकड्यावरून कोणत्याही सलग 24 तासांचा पाऊस हवा असेल तर सुमारे 13 टक्के वाढवतात. ऑगस्टमध्ये मापक बंद असेल तर ते वर्षच गाळा. रिकाम्या जागी 0 लिहिणे ही सर्वांत घातक चूक. वर्षे कमी झाली की तक्त्यातले दोन आकडेही बदला.

आणखी एक. 25 वर्षांतून एकदा म्हणजे 25 वर्षे निश्चिंत, असे नव्हे. पुढच्या 10 वर्षांत तो पाऊस एकदा तरी गाठण्याची शक्यता 33.5 टक्के आहे.

प्रश्न : हंगामाच्या एकूण पावसालाही गंबेलच लावायचे का?
– तेच वाचक

उत्तर : नाही. ती खरोखर बेरीज आहे, तिथे घंटाकृती वक्र बहुधा चालतो. विषमतेचा गुणांक (आकड्यांचे शेपूट एका बाजूला किती लांबले आहे ते सांगणारी संख्या) काढा. 30 वर्षांसाठी तो उणे 0.9 ते अधिक 0.9 च्या आत असेल तर पुढे जा, नसेल तर गॅमा वितरण (उजवीकडे शेपूट लांबलेला आणखी एक वक्र) लावून पाहा. चारपैकी तीन वर्षे हमखास मिळणारा पाऊस म्हणजे सरासरीतून 0.674 गुणिले प्रमाण विचलन वजा. पीक ठरवताना सरासरीपेक्षा हा आकडा कामाचा.

प्रश्न : विद्यार्थ्यांनी कपाशीच्या 200 बोंडांतला कापूस तोलला. आयतालेखाला (प्रत्येक वजनगटात किती बोंडे ते उभ्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या आलेखाला) दोन उंचवटे आले. काय चुकले?
– एक शिक्षिका, जि. वर्धा

उत्तर : कदाचित काहीच नाही. ओलिताच्या आणि कोरडवाहू वावरातली, किंवा पहिल्या आणि शेवटच्या वेच्याची बोंडे एकत्र झाली असतील. त्यावर एकच घंटाकृती वक्र बसवला तर त्याचे शिखर दोन उंचवट्यांच्या मधल्या दरीत येईल, जिथे दोन्ही उंचवट्यांपेक्षा बोंडे कमी आहेत. वावर आणि वेचा यांनुसार ढीग वेगळे करून पुन्हा काढा.

मात्र आधी तराजू बघा. तो पूर्ण ग्रॅमच दाखवत असेल आणि वर्गांतर अर्धा ग्रॅम ठेवले असेल तर एकाआड एक वर्ग रिकामा राहतो, आलेख फणीसारखा दिसतो. 200 बोंडांना 8-9 वर्ग पुरेत, पण त्यासाठी तराजू निदान 0.1 ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. किडकी बोंडे काढून टाकू नका. त्यांचा वेगळा रकाना करा, म्हणजे डावीकडचा उंचवटा किडीचा की कोरडवाहूचा हे मुलांनाच शोधता येईल.